‘नाइस’ची कुळकथा आणि मूळ अर्थाचा अट्टहास

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक समारंभात झालेले व्याख्यान बहुतेक श्रोत्यांना आवडले, हे मी जाणून आहे. टाळ्या मीही वाजवल्या. तथापि त्या व्याख्यानातील मुख्य सिद्धान्त चुकीचा होता आणि आपण सर्वांनी त्याला मान डोलावली, ही गोष्ट मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. व्याख्यात्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांचा व्यासंग मोठा आहे आणि माझा वाद त्यांच्या मताशी आहे. ते मत त्यांच्या येण्यापूर्वीही आपल्यातील अनेकांच्या मनात घर करून होते, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

सिद्धान्त असा होता. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या मुळात असतो. पुढे लोकांच्या तोंडी त्याचे जे होते तो बिघाड. दाखला म्हणून त्यांनी इंग्रजीतील ‘नाइस’ हा शब्द घेतला. मुळात त्याचा अर्थ ‘अडाणी’, ‘मूर्ख’. आज इंग्रज मनुष्य दुसऱ्याला ‘नाइस’ म्हणतो तेव्हा तो त्याला नकळत मूर्खच म्हणत असतो. ज्या भाषेत मूर्खाचा सज्जन होतो त्या भाषेला चारित्र्य ते कसले, असे त्यांनी विचारताच सभागृहात हशा पिकला. नंतर ते गंभीर झाले. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपले शब्द मुळाला धरून आहेत, म्हणूनच ही भाषा अभिजात. आणि हे मूळ राखण्याची जबाबदारी परमुलखात राहणाऱ्यांवर अधिक, कारण बिघाड तिकडूनच शिरतो, असे त्यांनी बजावले.

या उपदेशाच्या तासभर आधी जे घडले ते येथे सांगणे भाग आहे. पूर्वार्धात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा होती. एका मुलीने आपला परिचय देताना ‘माझी सगळी शिक्षा इंदुरातच झाली’ असे वाक्य उच्चारले. पाहुणे परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत होते. त्यांनी जागेवरूनच विचारले, ‘कोणत्या गुन्ह्याबद्दल?’ सभागृह खो खो हसले. मीही हसलो. मुलीला प्रथम काही कळलेच नाही. कळले तेव्हा तिचा चेहरा उतरला. पाच मिनिटांचे भाषण तिने दोन मिनिटांत आवरले आणि ती खाली बसली. आपल्यातील किती जणांना हे आठवत असेल, कोण जाणे. तिला आठवते. त्यानंतर ती मंडळाकडे फिरकलेली नाही.

आता ‘नाइस’कडे वळू. पाहुण्यांनी त्याच्या इतिहासाचे पहिले पान आणि शेवटचे पान वाचून दाखवले. खरा मजकूर मधल्या पानांवर आहे.

लॅटिन भाषेत ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्याला नकार जोडून ‘नेस्कियुस’ हा शब्द झाला. अर्थ, न जाणणारा, अज्ञ. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’चा वंशज, म्हणजे ‘सायन्स’ आणि ‘नाइस’ ही एकाच कुळातील भावंडे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नेस्कियुस’चा ‘नीस’ झाला आणि अर्थ ‘भोळा’, ‘खुळा’ असा राहिला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत वाहत आला, त्यात हाही आला. साधारण इ. स. १३०० च्या सुमारास, म्हणजे इकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर फार वर्षे लोटली नव्हती त्या काळात, तो इंग्रजीत ‘मूर्ख’ या अर्थाने वावरताना दिसतो. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने तो त्याच अर्थाने वापरला आहे.

येथून पुढे या शब्दाने जी वळणे घेतली ती पाहून मन थक्क होते. खुळा, म्हणून ताळतंत्र सोडलेला, छचोर. पोशाखाच्या बाबतीत भडक, चैनी. मग पालटून लाजरा, सहजी न रुळणारा. मग नखरेल, चोखंदळ, कशालाही नाक मुरडणारा. चोखंदळ मनुष्य बारकावे पाहतो, म्हणून सोळाव्या शतकापर्यंत अर्थ आला तो ‘सूक्ष्म’, ‘काटेकोर’, ‘नाजूक’. शेक्सपिअरच्या नाटकांत यातले अनेक अर्थ एकाच वेळी नांदतात. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये धर्मगुरूने रोमिओला पाठवलेले पत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तो हळहळून म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला वाटेल की पत्रातील भाषा कठोर होती. वस्तुतः तेथे ‘नाइस’ म्हणजे ‘क्षुल्लक’; पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर दोन जीव अवलंबून होते. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाच्या अर्थांत ‘काटेकोर’, ‘सूक्ष्म’ आणि ‘चोखंदळ’ हेच अग्रभागी आहेत. ‘छान’, ‘सुखद’ हा अर्थ रूढ होऊ लागला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. माणसाच्या बाबतीत ‘भला’, ‘प्रेमळ’ हा अर्थ त्याहूनही अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातला.

ही वळणे एकापुढे एक अशी सरळ रांगेत आली, असेही समजू नये. जुने अर्थ जाईनात आणि नवे येत राहिले. कित्येक पिढ्या सगळे एकाच घरात राहत होते. ज्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि अखेरचा १९२८ साली, त्या कोशाच्या संपादकांनीही या शब्दाचे अर्थ नेमके कसे पालटत गेले हे पुरते स्पष्ट नसल्याची आणि जुन्या लेखकाला कोठे कोणता अर्थ अभिप्रेत होता हे पुष्कळदा सांगता येत नसल्याची कबुली दिली आहे. ज्यांनी उभे आयुष्य शब्द चाळण्यात घातले ते इतके सावध; आणि आपण मात्र एका वाक्यात ‘मूळ अर्थ मूर्ख’ असा निकाल देऊन मोकळे!

या कुळकथेतील सर्वांत बोधप्रद प्रसंग जेन ऑस्टेन हिच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत आहे. लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बाथ शहराजवळच्या टेकडीवर तिघे जण फिरायला निघाले आहेत. कॅथरिन ही सतरा वर्षांची, खेड्यातून आलेली, कादंबऱ्यांची वेडी मुलगी. हेन्री टिल्नी हा बहुश्रुत तरुण. आणि त्याची बहीण एलिनोर. कॅथरिन तिच्या आवडत्या कादंबरीला भोळेपणाने ‘नाइस’ म्हणते. हेन्री तिला चिडवतो. ‘नाइस’ म्हणजे नीटनेटके असे समजून तो विषय पुस्तकाच्या बांधणीवर नेतो. पुढे सुनावतो की एके काळी हा शब्द नेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा दाखवण्यापुरता होता, आता लोक ऊठसूट कशालाही ‘नाइस’ म्हणतात.

हेन्री ज्याला ‘एके काळचा’ अर्थ म्हणतो तो तरी मूळचा आहे का? मुळीच नाही. मुळाशी जायचे तर त्याने ‘पुस्तक मूर्ख आहे काय?’ असे विचारायला हवे होते. त्याने धरून ठेवलेला अर्थ दोनतीनशे वर्षांचा, त्याच्या आजापणजांच्या बोलण्यातला. त्याला तो परिचित होता, म्हणून त्याला तो शुद्ध वाटला. शुद्धतेचा आग्रह धरणारा मनुष्य बहुधा असेच करतो. तो मुळाची गोष्ट बोलतो, परंतु थांबतो मात्र आपल्या सोयीच्या मुक्कामावर. त्याच्या मागचा इतिहास त्याला नको असतो आणि पुढचा सोसवत नाही.

ऑस्टेनचे चातुर्य पुढेच आहे. एलिनोर भावाला गप्प करते. कॅथरिनची समजूत घालताना ती सांगते की हा मलाही असाच भाषेवरून छळत असतो, आणि मग त्यालाच सुनावते की तू शहाणा कमी आणि ‘नाइस’ अधिक आहेस. येथे तिने ‘नाइस’ हा शब्द ‘फाजील चोखंदळ’ या जुन्या अर्थाने वापरला. म्हणजे शब्दाचा इतिहास तिलाही ठाऊक होता, आणि तिने तो बोलणारीच्या बाजूने वापरला. त्या दिवशी आपल्या सभागृहात दीडदोनशे माणसे होती. त्यांत एकही एलिनोर निघाली नाही. मी तर नाहीच नाही.

आता मूळ सिद्धान्ताची परीक्षा करू. मूर्खाचा सज्जन होणे हे इंग्रजीच्या चारित्र्यहीनतेचे लक्षण असेल, तर उलट प्रवास केलेल्या ‘सिली’ या शब्दाचे काय करावे? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सुखी’, ‘धन्य’ असा होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद शब्द आजही ‘धन्य’ याच अर्थाने चालतो. इंग्रजीत मात्र धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा झाला, बिचाऱ्याचा दुबळा आणि दुबळ्याचा मूर्ख. ‘नाइस’ जिना चढून गेला आणि ‘सिली’ उतरून आला. यात भाषेचे चारित्र्य शोधण्यात अर्थ नाही. पिढ्यानपिढ्या माणसे बोलत राहिली, इतकाच याचा अर्थ.

आणि आपली मराठी? ‘राग’ हा साधा शब्द घ्या. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, लाली, आसक्ती, प्रेम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना राग, भय आणि क्रोध या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. राग म्हणजेच क्रोध असता तर एकच गोष्ट दोनदा सांगण्याचे प्रयोजन काय? आज मराठी माणूस ‘मला तुझा राग आला’ म्हणतो तेव्हा मुळाच्या न्यायाने तो प्रेमाची कबुली देत असतो. ‘चेष्टा’ म्हणजे मुळात हालचाल, प्रयत्न. हिंदीने तो अर्थ राखला, मराठीने त्याची थट्टा केली. ‘कादंबरी’ हे सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. आज तोच शब्द मराठीत समग्र साहित्यप्रकाराला लागला आहे. ‘गरीब’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ परका, घरापासून दूर असलेला. त्या अर्थाने मराठी मुलखाबाहेर राहणारे आपण सारे, खाऊनपिऊन सुखी असलो तरी, गरीबच ठरतो.

अखेर ‘शिक्षा’. हा शब्द वेदांगांत आहे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावच शिक्षा. मुळात अर्थ शिकणे, शिकवणे. हिंदीने तो जसाच्या तसा ठेवला. मराठीत ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षक’ हे शब्द विद्येच्या घरी राहिले, ‘शिक्षा’ मात्र दंडाच्या घरी गेली. ती कशी गेली असेल हे समजणे अवघड नाही. ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण आजही म्हणतोच. ज्या शासनाची मी उमेदीची वर्षे सेवा केली त्या ‘शासन’ शब्दातही आज्ञा, उपदेश आणि दंड हे तिन्ही अर्थ दडलेले आहेत.

तेव्हा पाहुण्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे निकाल काय लागतो? शब्दाचा खरा अर्थ मुळात असेल, तर ती मुलगी बरोबर होती आणि सारा महाराष्ट्र चुकत होता. लोक आज ज्या अर्थाने बोलतात तोच खरा असेल, तर मुलीची निवड मराठीत चुकली, हे मान्य. पण मग ‘नाइस’ म्हणणारा इंग्रज निर्दोष ठरतो आणि तासाभराच्या व्याख्यानाचा पायाच उखडतो. मुलीला हसताना रूढीचा आधार घ्यायचा आणि इंग्रजाला हसताना मुळाचा, हा दुटप्पीपणा झाला. सरकारी कारकिर्दीत मी असे अनेक अभिप्राय पाहिले, ज्यांत निर्णय आधी ठरलेला असे आणि नियम मागाहून शोधला जाई. हा त्यातलाच प्रकार.

येथे कोणी विचारील की मग कोणी काहीही बोलावे काय? शब्दांचा इतिहास अभ्यासूच नये काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यासाठी माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. एका जमिनीच्या प्रकरणात इंग्रजीत आदेश आला. त्यात कायद्याचा एक ‘नाइस’ प्रश्न उपस्थित होतो असे शब्द होते. विधिज्ञांच्या इंग्रजीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे: नाइस प्रश्न म्हणजे बारीक, नाजूक, काळजीपूर्वक सोडवण्याचा प्रश्न. कार्यालयातील हिंदी टिपणीत मात्र त्याचे ‘अच्छा प्रश्न’ असे भाषांतर झाले. वरच्या टेबलांवर समजूत अशी झाली की आपल्या पक्षाचा मुद्दा पसंत पडला. तयारी सैल पडली आणि पुढील तारखेला आमच्या बाजूने कोणी धड उत्तर देऊ शकले नाही. टिपणीवर माझीही सही होती. जुना अर्थ ठाऊक असता तर ही नामुष्की टळली असती.

म्हणून शब्दांचा इतिहास शिकलाच पाहिजे. शेक्सपिअर वाचायला तो लागतो, न्यायालयाचा आदेश वाचायला लागतो, ज्ञानेश्वरी वाचायला तर शब्दार्थांच्या सूचीवाचून एक पान पुढे जाता येत नाही. दुसऱ्याने काय म्हटले हे नीट समजून घेणे, हे या विद्येचे काम. ज्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला पुरता समजला आहे त्याला, तुला बोलता येत नाही, असे सांगण्यासाठी तिचा उपयोग करणे हा तिचा दुरुपयोग होय. ‘माझी सगळी शिक्षा इंदुरातच झाली’ याचा अर्थ सभागृहात कोणाला समजला नव्हता? सर्वांना समजला होता. समजला म्हणूनच तर हसू आले.

त्या मुलीला ‘शिक्षण’ हा मराठी शब्द सांगणे आवश्यक होते, यात शंका नाही. उद्या ती पुण्यात किंवा नागपुरात मुलाखतीला गेली आणि तेथे हेच बोलली, तर नुकसान तिचेच आहे. रूढ अर्थाला मान दिल्यावाचून भाषेचा व्यवहार चालत नाही, हे मी मानतो. परंतु ते भाषण संपल्यावर, बाजूला घेऊन, दोन्ही अर्थांची गोष्ट सांगून करता आले असते. आपल्या घरांत आजीआजोबांनी आपल्याला असेच शिकवले. आपले पूर्वज अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार, गायकवाड यांच्याबरोबर या मुलखांत आले. तेव्हापासून बाजारात, शाळेत, कचेरीत आपण दुसरी भाषा बोललो आणि माजघरात मराठी. ती टिकली, कारण घरातली माणसे मुलांना बोलू देत होती आणि बोलता बोलता सुधारत होती. या दीर्घ सहवासात तिच्यात हिंदी, गुजराती, कानडी, दख्खनी उर्दू यांचे शब्द मिसळले, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? पुण्याच्या मराठीत फारसी मिसळली तिला आज कोणी बाटलेली म्हणत नाही.

आपली खरी अडचण शब्द बिघडण्याची नाही. ती आहे बोलणारे कमी होण्याची. आपल्या समारंभांत पहिल्या चार रांगांकडे पाहा. बहुतेक डोकी माझ्यासारखी पांढरी. विशीतली एक मुलगी स्वतःहून व्यासपीठावर येते आणि आपण तिला एका शब्दासाठी हसून घालवतो. शंभर शब्द शुद्ध झाले तरी हा तोटा भरून निघणार नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. आजीने चहा ठेवला. मी त्या मुलीला वेदांगाची गोष्ट सांगितली, ‘शिक्षा’ कोठून कोठे गेली ते सांगितले, ‘नाइस’ची कथाही सांगितली. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, ‘काका, म्हणजे मी बरोबर होते?’ मी म्हटले, ‘तू अर्धी बरोबर होतीस. पाहुणेही अर्धे बरोबर होते. हसणारे आम्ही मात्र पुरते चुकलो.’ ती थोडी हसली. पुढच्या स्पर्धेला येशील का, असे विचारले तेव्हा तिने सरळ उत्तर दिले नाही. ‘बघते’ एवढेच म्हणाली.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एकच सूचना आहे. यापुढे स्पर्धक बोलत असताना कोणीही, परीक्षकानेसुद्धा, मध्ये बोलू नये. चुका सांगायच्या त्या नंतर, स्पर्धकाजवळ बसून सांगाव्यात. हा नियम लेखी करावा आणि निमंत्रणासोबत पाहुण्यांना आधीच कळवावा.